टिळक दांपत्याचे धर्मांतर

मराठी कवी नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) यांनी १८९५ साली आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) यांनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकाच घरातील या दोन घटनांमध्ये सुमारे पाच वर्षांचे अंतर आहे. पतीने धर्म बदलला म्हणून पत्नीनेही बदलला, असे येथे घडले नाही. लक्ष्मीबाईंनी पतीच्या निर्णयाला दीर्घकाळ विरोध केला आणि पुढे स्वतःच्या विचाराने स्वतःचा निर्णय घेतला. नारायणरावांना आपल्या श्रद्धेसाठी दोनदा उभे राहावे लागले. पहिल्यांदा ते आपल्या ज्ञातीसमोर उभे राहिले आणि बावीस वर्षांनी ज्या मिशनने त्यांना आसरा दिला त्या मिशनसमोर. या घटनांचा सर्वांत तपशीलवार वृत्तांत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आला आहे. दोघांच्याही जीवनाचा नाशिक शहराशी व परिसराशी निकटचा संबंध होता.

नारायणराव ‘रेव्हरंड टिळक’ या नावाने ओळखले जातात. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन होते. दोघेही चित्पावन आणि मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. मात्र त्यांची घराणी वेगळी होती.

नाशिक आणि जलालपूर

नारायणरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लहानपणीच आई वारल्यानंतर ते शिक्षणासाठी नाशिकला आले. येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि काही काळ इंग्रजी शाळेतही शिक्षण घेतले. सलग शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. तरीही संस्कृत काव्य, पुराणे आणि वारकरी संतांचे अभंग यांचा त्यांचा व्यासंग या काळात पक्का झाला. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही ही शिदोरी त्यांनी टाकली नाही.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळ गोदाकाठी असलेल्या जलालपूरच्या गोखल्यांचे. माहेरचे नाव मनकर्णिका. १८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. त्यांचे मातामह १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी गेले होते. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्या-ओवळ्याचे पराकोटीचे वेड जडले. घरात येणारी प्रत्येक जिन्नस धुतली जाई, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. स्पर्शास्पर्शाच्या या जाचाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी विनोदाच्या अंगाने केले असले, तरी त्यामागची घुसमट वाचकापासून लपत नाही. त्यांच्या पुढील निर्णयाचे मूळ शोधायचे झाल्यास ते बायबलपेक्षा जलालपूरच्या या स्वयंपाकघरात अधिक सापडते.

नाशिक हे तीर्थक्षेत्र. रामकुंड, पंचवटी आणि जवळचे त्र्यंबकेश्वर यांमुळे श्राद्ध, तीर्थविधी आणि प्रायश्चित्त यांसाठी दूरदूरचे लोक येथे येतात. याच शहराच्या वेशीबाहेर चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. धर्मांतरामुळे घरदार तुटलेल्यांना येथे निवारा व धंदेशिक्षण मिळत असे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही येथे शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झालेला जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. शरणपूर हे नावच पुरेसे बोलके आहे. धर्म बदलणाऱ्याला गावात राहता येत नव्हते. त्याच्यासाठी वेगळे गाव वसवावे लागत होते.

सामाजिक व कायदेशीर पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात मराठी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे केवळ उपासनापद्धती बदलणे नव्हते. शास्त्राप्रमाणे पतिताचा ‘घटस्फोट’ करण्याचा विधी होता. म्हणजे त्याच्या नावाने घट फोडून त्याला मेलेल्यात जमा करीत. प्रत्यक्षात हा विधी होवो वा न होवो, पंक्ती, पाणी, सोयरीक आणि वडिलोपार्जित घर यांना माणूस मुकत असे. नातेवाइकांनी त्याच्याशी संबंध ठेवल्यास त्यांच्यावरही ग्रामण्य उभे राही. त्यामुळे धर्मांतर करणाऱ्याच्या धैर्याची किंमत त्याच्या एकट्यापुरती मर्यादित राहत नसे.

मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या हवाली करण्यात आले. पण न्यायालयाने घरी पाठविलेल्या मुलाला ज्ञातीने घरात घ्यावे की नाही, हा प्रश्न उरलाच. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घेण्याची बाजू उचलली आणि त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

टिळकांच्या बाप्तिस्म्यापूर्वी चार-साडेचार वर्षे पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण गाजले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथे जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. मिशनच्या आवारातील चहाच्या पेल्यावरून जेथे एवढे वादंग माजले, तेथे बाप्तिस्म्याचे पडसाद काय उमटले असतील याचा अंदाज यावरून येतो.

कायद्याने मात्र धर्मांतरितांना काही संरक्षण दिले होते. १८५० च्या कायद्यानुसार जात किंवा धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क नष्ट होत नसे. १८६६ च्या कायद्याने आणखी एक वाट खुली केली. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तिच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडले, तर न्यायालयाकडे दाद मागता येई आणि विचारासाठी एक वर्षाची मुदत देऊनही जोडीदार परतला नाही, तर विवाह रद्द होऊ शके. नारायणरावांना ही वाट उपलब्ध होती. त्यांनी ती धरली नाही. पत्नी परत येण्याची त्यांनी वाट पाहिली.

नारायणरावांचा निर्णय

विवाहानंतर नारायणराव शिक्षकाची नोकरी, कीर्तने, व्याख्याने, नियतकालिके अशा निरनिराळ्या उद्योगांत गावोगाव फिरत राहिले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांवरील त्यांचा विश्वास याच काळात उडू लागला होता. देशाला एका नव्या धर्माची गरज आहे असे त्यांना वाटे आणि त्या धर्माची तत्त्वे मांडण्याचाही त्यांनी प्रयत्न केला.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांना दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले, असे सांगितले जाते. भाकिताचा हा भाग चरित्रकारांना फार प्रिय आहे. मात्र टिळकांच्या मनातील पुढील उलथापालथीचे स्पष्टीकरण त्याने होत नाही. त्यांच्यावर खरा परिणाम झाला तो मत्तयकृत शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनाचा. नव्या धर्मासाठी आपण जी तत्त्वे शोधीत होतो ती येथे आधीच आहेत, असे त्यांना आढळले.

त्यानंतरचा सुमारे दोन वर्षांचा काळ घालमेलीचा होता. आपली ओळख न देता त्यांनी ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार केला. श्रद्धा पटली होती, पण उघडपणे ती स्वीकारली तर पत्नी आणि मुलगा दत्तू (देवदत्त, जन्म १८९१) दुरावणार हे स्पष्ट दिसत होते. मनात ख्रिस्ती राहून व्यवहारात ब्राह्मण म्हणून वावरणारे लोक त्या काळी नव्हतेच असे नाही. टिळकांना ते जमले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांचे त्यांना साहाय्य होते. तरी बाप्तिस्मा एतद्देशीय पाळकाच्या हातूनच घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे तो विधी रेव्हरंड तुकारामजी नाथोजी यांनी केला. पुढे मिशनशी त्यांचे जे मतभेद झाले, त्यांचे बीज या आग्रहात दिसते.

पाच वर्षांची ताटातूट

ही बातमी लक्ष्मीबाईंवर वीज कोसळावी तशी आली. नवरा जिवंत, पण आप्तांच्या लेखी मेल्यात जमा; अशा स्त्रीला ना सौभाग्यवतीचे स्थान होते, ना विधवेचे. तिने जिवाचे काही बरेवाईट करू नये म्हणून घरच्यांना तिच्यावर लक्ष ठेवावे लागले. या काळात त्यांना बहिणीच्या कुटुंबाचा मोठा आधार मिळाला आणि पंढरपूर येथे त्यांचा बराच काळ गेला. याच दुःखात त्या कविता रचू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि पतीकडून जेमतेम अक्षरओळख झालेल्या या स्त्रीच्या लेखनाची ही सुरुवात म्हणता येईल.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिल्यास या पाच वर्षांतील ठामपणा नारायणरावांच्या ठामपणापेक्षा कमी नव्हता. पतीवर त्यांचे प्रेम होते, पण पतीसाठी धर्म सोडायला त्या तयार नव्हत्या. मिशनरी चरित्रलेखनात हा काळ बहुधा ‘विरोधाचा काळ’ म्हणून एका परिच्छेदात उरकला जातो. तसे करणे अन्यायाचे आहे. कारण ज्या मनाने त्यांनी पूर्वी नकार दिला, त्याच मनाने नंतर होकार दिला.

नारायणराव या काळात अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत अध्यापन करीत होते. पत्रे आणि अधूनमधून भेटी चालू होत्या. अखेरीस मुलाला घेऊन लक्ष्मीबाई पतीकडे राहायला गेल्या, पण धर्म न बदलता. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे पूर्वीप्रमाणेच. ख्रिस्ती पतीच्या संसारात पत्नीचे ब्राह्मण्य असे काही काळ सुखेनैव नांदले. नारायणरावांचा स्वभाव तापट होता आणि त्यांच्या लहरींचे अनेक किस्से ‘स्मृतिचित्रे’त आहेत, तथापि या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही.

लक्ष्मीबाईंचा निर्णय

लक्ष्मीबाईंच्या विचारात पहिला बदल झाला तो ख्रिस्ताविषयी नव्हे, जातीविषयी. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. पशुपक्ष्यांत जसे भेद दिसतात, तसे माणसामाणसांत दिसत नाहीत. मग हे भेद माणसाचेच असले पाहिजेत, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या बुद्धीने आल्या. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा त्यांनी निश्चय केला आणि तो लगेच आचरणातही आणला. जलालपूरच्या घरात मीठसाखरेलाही विटाळ होताना पाहिलेल्या मुलीच्या दृष्टीने हे पाऊल बाप्तिस्म्याहून मोठे होते. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. नारायणराव ग्रंथ वाचून, तत्त्वे ताडून पाहून ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाईंना आधी पाण्याच्या घोटाचा प्रश्न सोडवावा लागला. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत टिळकांच्या घरी पोरक्या मुलांचा राबता वाढला, आजाऱ्यांची शुश्रूषा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. तेव्हा कोणाचे ताट कोणाजवळ, हा विचार त्यांच्या मनात उरलेला नव्हता.

श्रद्धेबाबत ठाम असलेले हे घर इतरांसाठी बंद नव्हते. ‘बालकवी’ त्र्यंबक बापूजी ठोमरे अहमदनगरला त्यांच्याकडे घरच्यासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेची जोपासना केली. लक्ष्मीबाईंच्या लेखनातील बालकवींच्या आठवणी हा मराठी काव्येतिहासाचा एक महत्त्वाचा ऐवज आहे.

मिशनशी मतभेद

बाप्तिस्म्यानंतर टिळकांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती होणारा मराठी माणूस नाव, पोशाख, संगीत आणि उपासनेची रीत यांत साहेबाची नक्कल करू लागे. उपजीविकेसाठी तो मिशनवर अवलंबून असे आणि मिशनरी हा शासकांच्या वर्णाचा असे. आपण ख्रिस्त स्वीकारला आहे, परदेशी रीतिरिवाज नव्हे, ही टिळकांची भूमिका होती. संत तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी आणि पदे रचली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची शेकडो गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगरमध्ये त्यांच्या आधीपासून होती. ती त्यांनी पुढे नेली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन ते १९१२ पासून अखेरपर्यंत करीत होते.

ख्रिस्ती श्रद्धा आणि देशप्रेम यांत विरोध नाही, हे त्यांनी कवितेतून आणि लेखांतून सातत्याने मांडले. ही भूमिका दोन्हीकडच्यांना अवघड वाटे. स्वकीयांच्या दृष्टीने ख्रिस्ती झालेला माणूस सरकारच्या बाजूचा, तर काही मिशनऱ्यांना त्यांचे स्वदेशप्रेम खटके.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला. हातची नोकरी गेली, उत्पन्नाची शाश्वती गेली. हे पाऊल १८९५ च्या पावलाइतके प्रसिद्ध नाही; पण त्या वयात आणि संसाराच्या त्या अवस्थेत ते सोपेही नव्हते. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी कल्पना होती. ज्या बाप्तिस्म्यासाठी स्वतः सर्वस्व पणाला लावले, त्याची अट त्यांनी इतरांना घातली नाही. ही विसंगती आहे असे काहींना वाटले. टिळकांच्या लेखी बाप्तिस्मा ही स्वतःच्या श्रद्धेची उघड कबुली होती, दुसऱ्याला अडविण्याचे दार नव्हे.

दरबाराचे काम जेमतेम सुरू झाले होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांच्या विचाराचा प्रभाव मात्र इंग्रज मिशनऱ्यांतही उमटला: जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

तत्कालीन इतर उदाहरणे

स्वतःच्या विवेकाला प्रमाण मानून ख्रिस्ती झालेल्या आणि नंतर चर्चच्या अधिकारापुढेही तोच विवेक जपलेल्या मराठी व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाई यांचे नाव टिळकांच्या बरोबरीने घेतले जाते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु कोणती मते मानावीत हे धर्मगुरूंनी ठरवावे, हे त्यांनी मान्य केले नाही. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मतांतराची हकिकत लिहिली. ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’ एकापाठोपाठ वाचल्यास फरक चटकन जाणवतो. पदमनजी वाचकाला पटवून देऊ पाहतात. लक्ष्मीबाई फक्त काय घडले ते सांगतात.

‘स्मृतिचित्रे’ आणि नाशिक

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले. काही काळ त्या कराचीत राहिल्या आणि अखेरची वर्षे त्यांनी नाशिकला देवदत्त यांच्याकडे घालविली. ब्राह्मण मुलगी म्हणून ज्या शहरात त्या वाढल्या, त्याच शहरात आता त्या ख्रिस्ती लेखिका म्हणून राहत होत्या. पहिले मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९२७ साली नाशिकलाच भरले होते. १९३३ साली नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंकडे आले.

वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ आकारास आली. प्रथम ‘संजीवनी’ साप्ताहिकात आणि नंतर १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने तिचे भाग निघाले. अखेरचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. नारायणरावांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी पुरे केले. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’पासून चालत आलेल्या परंपरेतील ही रचना होय.

‘स्मृतिचित्रे’त टिळकांचे गौरवचित्र नाही. हातचे पैसे कोणालाही देऊन टाकणारे, संसाराचे भान नसणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे टिळक त्यात दिसतात. दुरावलेल्या नातेवाइकांविषयीही त्यात कडवटपणा नाही. ज्यांनी त्या संकटात आसरा दिला, त्यांचा उल्लेख लेखिका कृतज्ञतेने करते. धर्मांतराच्या कथनात एक पक्ष उजळ आणि दुसरा काळा रंगविण्याचा जो प्रघात होता, त्यापासून हे पुस्तक पूर्णपणे मुक्त आहे. हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही वाचकांनी ते आपले मानले, याचे एक कारण हेच असावे.

ई. जोसेफाइन इंकस्टर यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५० साली, तर शांता गोखले यांचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती संपादित केली आणि ‘चालता बोलता चमत्कार’ या पुस्तकात नारायणरावांचे जीवन कादंबरीरूपाने मांडले. विजया मेहता यांनी या आत्मचरित्रावर दूरदर्शनपट दिग्दर्शित केला. त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली.